बॅकअप (वैयक्तिक संगणक व मोबाइल)

बॅकअप म्हणजे संगणक, मोबाइल किंवा तत्सम उपकरणातील माहितीची अशी स्वतंत्र प्रत, जी मूळ उपकरण बिघडले, हरवले, चोरीला गेले, भिजले किंवा त्यातील मजकूर चुकून पुसला गेला तरी उपलब्ध राहते आणि जिच्यावरून मूळ माहिती पुन्हा उभी करता येते. मराठीत यासाठी ‘राखीव प्रत’ असा शब्दप्रयोगही होतो. मात्र दैनंदिन व्यवहारात ‘बॅकअप घेणे’ हाच वाक्प्रचार रूढ आहे. प्रत ठेवणे हा बॅकअपचा अर्धा भाग होय. त्या प्रतीवरून माहिती परत मिळवता येणे, म्हणजे पुनर्प्राप्ती, हा दुसरा आणि अधिक वेळा दुर्लक्षिला जाणारा भाग होय.

केवळ जागा बदलणे म्हणजे बॅकअप नव्हे. मोबाइलमधील छायाचित्रे संगणकावर उतरवून मोबाइलमधून पुसून टाकली, तर प्रत एकच राहते. ती फक्त दुसऱ्या ठिकाणी गेलेली असते. त्याचप्रमाणे दोन उपकरणांतील फाइली सतत एकसारख्या ठेवणारी सोय, म्हणजे सिंक, हाही पूर्ण अर्थाने बॅकअप नाही. सिंकमध्ये एका ठिकाणी केलेला बदल, आणि म्हणून एका ठिकाणी झालेली चूकही, काही क्षणांत सर्वत्र पोहोचते. एकाच यंत्रात दोन डिस्कवर समांतर लेखन करणारी ‘रेड’ ही रचना डिस्क बिघडण्यापासून संरक्षण देते, परंतु चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसते.

माहिती नष्ट होण्याची कारणे

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्यांवर चुंबकीय पद्धतीने लेखन केलेले असते आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष तबकडीपासून अत्यंत अल्प अंतरावर तरंगत असते. धक्का, धूळ किंवा झीज यांमुळे शीर्ष तबकडीला टेकले की त्या भागातील माहिती कायमची जाते. मोठ्या संख्येने डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डिस्क बिघडण्याचे प्रमाण नियमितपणे प्रसिद्ध करते. ते वर्षाला साधारणतः एक ते दोन टक्क्यांच्या आसपास असते. हे प्रमाण अल्प वाटले तरी घरात एकच डिस्क असणाऱ्याला सरासरीचा उपयोग नसतो. एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत फिरता भाग नाही. त्यांत माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू ओसरतो. त्यामुळे लग्नाची छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घालून तो कपाटात दहा वर्षे ठेवणे ही पद्धत समजली जाते तितकी निर्धोक नाही.

यंत्राच्या बिघाडापेक्षा माणसाच्या हातून होणारी चूक अधिक नित्याची आहे. नको असलेली फाइल पुसताना हवी असलेली पुसली जाते, जुन्या फाइलीवर त्याच नावाची नवी फाइल लिहिली जाते, दुरुस्तीला दिलेला मोबाइल ‘रीसेट’ होऊन परत येतो. याशिवाय चोरी, आग, विजेच्या दाबातील चढउतार आणि हेतुपुरस्सर माहिती बंदिस्त करणारी खंडणीखोर सॉफ्टवेअरे ही कारणे आहेत. महाराष्ट्राच्या नदीकाठच्या गावांच्या बाबतीत यात पुराची भर घालावी लागते.

नृसिंहवाडी आणि पुराचा प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी, अर्थात नरसोबाची वाडी, हे दत्तक्षेत्र कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले आहे. कृष्णेला कऱ्हाड येथे कोयना आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी पंचगंगेतून येते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील या सर्व नद्यांचे पाणी नृसिंहवाडीपाशी एकत्र येत असल्याने येथे नदी फुगणे ही पावसाळ्यातील नेहमीची बाब आहे. पाणी चढत मंदिरात शिरते, श्रींच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते, तेव्हा त्यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात व त्या पाण्यात स्नानासाठी भाविक गर्दी करतात. पाणी आणखी वाढल्यास उत्सवमूर्ती उंचावरील नारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात हलवली जाते आणि नित्योपचार तेथे चालू राहतात. पाणी येणार हे गृहीत धरून काय हलवायचे, कोठे हलवायचे आणि केव्हा हलवायचे हे आधीच ठरवून ठेवण्याची ही पद्धत आहे. घरोघरीच्या संगणकांच्या बाबतीत असा ठराव क्वचितच केलेला असतो.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील पूर नेहमीच्या पुरांपेक्षा वेगळे होते. कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९मध्ये तेथे पाणी ५५ फुटांवर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट असताना त्याच महिन्यात कृष्णेने ५७ फूट ओलांडले. शिरोळ तालुक्यातील अनेक गावांतील लोकांना घरे सोडावी लागली, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ काही दिवस बंद राहिला आणि मोठ्या भागातील वीजपुरवठा खंडित झाला. दरवर्षी पाणी कोठवर येते याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अंदाज अशा वर्षी चुकतो. त्या अंदाजावर विसंबून माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेल्या वस्तूही मग सुरक्षित राहत नाहीत.

या परिस्थितीतून बॅकअपच्या दृष्टीने तीन गोष्टी निघतात. पहिली अंतराविषयीची. ‘प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी’ असा सल्ला सर्वत्र दिला जातो. परंतु नृसिंहवाडीतील रहिवाशाने ती कुरुंदवाड, औरवाड किंवा शिरोळ येथील नातेवाइकाच्या तळमजल्यावर ठेवली, तर दोन्ही घरे एकाच पाण्याखाली जाऊ शकतात. २०१९मध्ये तर कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही शहरे एकाच आठवड्यात पुराच्या विळख्यात होती. दुसरे ठिकाण किलोमीटरमध्ये किती दूर आहे यापेक्षा ते त्याच संकटाच्या कक्षेबाहेर आहे की नाही, हे महत्त्वाचे ठरते. पूररेषेच्या वर वसलेले जवळचे गाव हे नदीकाठच्या दूरच्या शहरापेक्षा उजवे असू शकते.

दुसरी गोष्ट वेळेची. धरणातून विसर्ग वाढल्याची सूचना मिळाल्यापासून घर रिकामे करेपर्यंत काही तास, फार तर एक-दोन दिवस मिळतात. एखाद्या घरात २०० गिगाबाइट छायाचित्रे व चित्रफिती असतील आणि इंटरनेटचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ती क्लाउडवर जाण्यास सुमारे ४४ तास लागतात, आणि तेही वीज व जोडणी अखंड राहिली तर. हीच माहिती सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने लिहिणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कवर सुमारे अर्ध्या तासात उतरते. लहान फाइली असंख्य असल्यास प्रत्यक्षात याहून जास्त वेळ जातो. म्हणून क्लाउडवरील प्रत ही पावसाळ्यापूर्वी, सवडीने तयार व्हावयाची गोष्ट आहे. पाणी दारात आल्यावर उपयोगी पडते ती खिशात मावणारी डिस्क.

तिसरी गोष्ट प्रवेशाची. पुराच्या काळात वीज नसते, मोबाइल मनोऱ्यांची बॅटरी संपते आणि क्लाउडवर सुखरूप असलेली माहितीही काही दिवस हाती येत नाही. त्याहून गंभीर अडचण खात्यात शिरण्याची आहे. नव्या मोबाइलवरून खाते उघडताना ओळख पटवण्यासाठी येणारा संकेतांक, म्हणजे ओटीपी, जुन्या सिम कार्डावर येतो आणि ते कार्ड वाहून गेलेल्या मोबाइलमध्ये असते. यासाठी गूगलसह अनेक सेवा एकदाच वापरता येणारे राखीव संकेतांक आधीच काढून देतात. ते कागदावर लिहून आधारकार्ड, बँकेचे पासबुक यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणे हा आजही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. विजेवर न चालणारी वस्तू अशा वेळी विजेवर चालणाऱ्या वस्तूला सोडवते.

तीन-दोन-एक नियम

वैयक्तिक बॅकअपसाठी सर्वाधिक सांगितला जाणारा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी २००५मधील आपल्या डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थापनावरील पुस्तकातून रूढ केला. त्यानुसार प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. मूळ फाइल हीदेखील तिनांपैकी एक प्रत धरली जाते. सामान्य घरात याचा अर्थ संगणकातील मूळ फाइल, एक बाह्य हार्ड डिस्क आणि क्लाउडवरील किंवा अन्य गावी ठेवलेली प्रत इतकाच होतो.

तिसऱ्या प्रतीचे मोल संघटित यंत्रणांच्या अनुभवातून दिसते. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाचे कंटेनर टर्मिनलही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी सतत सिंक होत असत व ते एकमेकांचे बॅकअप समजले जात. हल्ल्यात ते सर्व एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो घाना येथील एक सर्व्हर, आणि तोही तेथील वीज त्या वेळी गेलेली असल्यामुळे. सतत जोडलेली प्रत ही मूळ फाइलीचे भवितव्यही वाटून घेते, हे याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण विरळा.

सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या फाइली साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा तीत नष्ट झाली. तिच्यातील ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर कोठेही प्रत नव्हती. क्लाउड म्हणजे शेवटी कोणाच्या तरी इमारतीतील संगणकच होत. क्लाउड एवढीच एक प्रत असेल तर तीही एकटीच असते.

महाराष्ट्रातील काही घटना

प्रतींचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला नाही. संत तुकारामांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेल्याची कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. ती चमत्काराने तरली अशी श्रद्धा आहे, तर ती लोकांच्या मुखी असल्याने टिकली असेही प्रतिपादन केले जाते. वेदपठणातील पद, क्रम, जटा, घन हे पाठ शब्द उलटसुलट क्रमाने म्हणवून घेतात. त्यामुळे एखादा स्वर वा अक्षर निसटल्यास ते लगेच लक्षात येते. संगणकशास्त्रात प्रत मूळाबरहुकूम आहे की नाही हे तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘चेकसम’ या आकड्याचे कामही हेच आहे.

अलीकडच्या काळात जानेवारी २००३मध्ये पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात साठवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागून भारतीय चित्रपटांचा मोठा ठेवा नष्ट झाला. नायट्रेट फिल्म सहज पेटते आणि जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवत असल्याने विझवणे कठीण जाते. अशा फिल्मवरील चित्रपट वाचवायचा असेल तर त्याची प्रत वेगळ्या माध्यमावर उतरवणे हाच उपाय असतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला आणि अनेक विभागांच्या फाइली जळाल्या. त्या वेळी गाजत असलेल्या आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणाची कागदपत्रे मात्र तपासासाठी केंद्रीय अन्वेषण विभागाच्या ताब्यात गेलेली होती आणि त्यामुळे ती सुरक्षित असल्याचे सांगण्यात आले. ती दुसऱ्या इमारतीत असण्याचे कारण बॅकअप नव्हते. परिणाम मात्र तोच झाला.

मोबाइलमधील माहिती

बहुतेक मराठी कुटुंबांच्या बाबतीत संगणकापेक्षा मोबाइल हाच माहितीचा मुख्य साठा आहे. त्यातील संपर्क, छायाचित्रे, संदेश आणि ॲपमधील नोंदी यांचे बॅकअप वेगवेगळ्या मार्गांनी होतात. एकाचे झाले म्हणजे सर्वांचे झाले असे नसते.

अँड्रॉइड मोबाइलमधील संपर्क गूगल खात्यात साठवलेले असतील तर ते नव्या मोबाइलवर आपोआप येतात. ते केवळ सिम कार्डावर किंवा उपकरणात साठवलेले असतील तर येत नाहीत. छायाचित्रांसाठी गूगल फोटोज ही सेवा सर्वाधिक वापरली जाते. १ जून २०२१पासून तिची अमर्याद विनामूल्य साठवण बंद झाली आणि छायाचित्रे, ईमेल व ड्राइव्ह मिळून १५ गिगाबाइटची मर्यादा लागू झाली. मर्यादा भरली की बॅकअप गुपचूप थांबते. बहुतेकांना ते मोबाइल हरवल्यावर कळते. या ॲपमधील ‘जागा मोकळी करा’ ही सोय क्लाउडवर गेलेली छायाचित्रे मोबाइलमधून काढून टाकते. त्यानंतर क्लाउडवरील प्रत ही राखीव प्रत न राहता एकमेव प्रत बनते. ॲपमधून पुसलेले, बॅकअप झालेले छायाचित्र कचरापेटीत ६० दिवस राहते आणि नंतर दोन्हीकडून जाते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरणही गूगलने स्वीकारले आहे. घरातील ज्येष्ठांच्या नावे उघडून नंतर विसरल्या गेलेल्या खात्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये विनामूल्य मर्यादा ५ गिगाबाइटची आहे, म्हणजे आजच्या मोबाइलच्या मानाने नाममात्रच.

व्हॉट्सॲपचे संदेश अँड्रॉइडवर रोज रात्री दोनच्या सुमारास मोबाइलमध्येच एका फाइलीत साठवले जातात. ही प्रत त्याच मोबाइलमध्ये असल्याने मोबाइल बुडाला तर तीही बुडते. गूगल खात्यावरील बॅकअप वेगळे सुरू करावे लागते आणि २०२४पासून ते १५ गिगाबाइटच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. ऑक्टोबर २०२१पासून हे बॅकअप कूटबद्ध करण्याची सोय मिळाली. ती वापरकर्त्याने स्वतः निवडावी लागते. एकदा निवडल्यावर परवलीचा शब्द किंवा ६४ अंकी किल्ली हरवली, तर ते बॅकअप खुद्द कंपनीलाही उघडता येत नाही. गोपनीयता आणि पुनर्प्राप्ती यांत अशी ओढाताण नेहमीच असते. ज्या कुटुंबात एकाच व्यक्तीला सर्व परवलीचे शब्द ठाऊक असतात, तेथे त्या व्यक्तीच्या आजारपणात किंवा निधनानंतर कूटबद्ध प्रत असून नसल्यासारखी होते. खातेधारकानंतर ते कोणाला उघडता यावे हे आधी ठरवण्याची सोय गूगलने २०१३मध्ये आणि ॲपलने २०२१मध्ये दिली. तिचा वापर अजून फारसा रुळलेला नाही.

संगणकावरील बॅकअप

विंडोजमध्ये २०१२च्या आठव्या आवृत्तीपासून ‘फाइल हिस्टरी’ ही सोय आहे. बाह्य डिस्क जोडून ती सुरू केली की निवडलेल्या फोल्डरांतील बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपल्या जातात. ॲपलच्या संगणकांत २००७पासून असलेली ‘टाइम मशीन’ ही आज्ञावली मागील चोवीस तासांच्या दर तासाच्या, मागील महिन्याच्या दर दिवसाच्या आणि त्यापूर्वीच्या दर आठवड्याच्या प्रती जागा असेपर्यंत ठेवते. दोहोंचा गाभा एकच आहे: पहिल्या वेळी सर्व फाइली घ्यावयाच्या आणि त्यानंतर केवळ बदललेल्या. आवृत्त्या जपण्याचा लाभ असा, की महिन्याभरापूर्वी बिघडलेल्या आणि आजच लक्षात आलेल्या फाइलीची त्यापूर्वीची चांगली प्रत मिळू शकते. एकाच प्रतीवर दररोज नवे लेखन करणाऱ्याकडे अशा वेळी बिघडलेल्या फाइलीचीच ताजी प्रत असते.

खंडणीखोर सॉफ्टवेअर फाइली कूटबद्ध करून त्या उघडून देण्यासाठी पैसे मागते. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या सॉफ्टवेअरमुळे हा प्रकार सामान्य जनांच्याही परिचयाचा झाला. अशी सॉफ्टवेअरे संगणकाला जोडलेली बाह्य डिस्कही सोडत नाहीत. म्हणून बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी लागते. कायम जोडलेली डिस्क ही सोयीची असली तरी तिच्यावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नाही. दोन डिस्क आळीपाळीने वापरणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

जुन्या मराठी मजकुराचा प्रश्न

मराठीच्या बाबतीत फाइल सुरक्षित असूनही मजकूर हरवण्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि काही छपाई व्यवसायांत त्यानंतरही, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारखे फाँट वापरून टंकन होत असे. यांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली असत. तो फाँट संगणकावर असेतोवर मजकूर मराठी दिसे, नसल्यास निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. नव्वदच्या दशकातील ग्रामदैवतांच्या स्मरणिका, शाळांचे अंक, संस्थांची इतिवृत्ते, कुलवृत्तान्त यांच्या अनेक फाइली याच रूपात आहेत. बहुधा पेजमेकरसारख्या आता बंद पडलेल्या आज्ञावलीत त्या तयार झालेल्या असतात. त्यांची नुसती प्रत काढून ठेवणे पुरेसे होत नाही. सोबत फाँटची फाइल ठेवावी लागते, छापील रूप जसेच्या तसे दाखवणारी पीडीएफ करावी लागते आणि शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करून जोडाक्षरे व रफार नजरेखालून घालावे लागतात, कारण परिवर्तकांच्या चुका नेमक्या तेथेच होतात. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१मधील पहिल्याच आवृत्तीत होता. मराठी छपाईव्यवसायात त्याचा वापर रुळण्यास मात्र पुष्कळ वर्षे लागली.

कशाची प्रत ठेवावी लागत नाही

सर्वच कागदपत्रांची चिंता करण्याचे कारण नाही. ज्यांचा मूळ अभिलेख अन्यत्र आहे, ती पुन्हा मिळतात. केंद्र शासनाच्या २०१५मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये वाहनचालक परवाना, गुणपत्रिका इत्यादी दस्तऐवज थेट संबंधित विभागाकडून येतात आणि ते मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. त्याच ठिकाणी वापरकर्त्याने स्वतः छायाचित्र काढून चढवलेल्या कागदाला मात्र ही मान्यता नसते, हा फरक अनेकदा ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८पासून ऑनलाइन मिळतो. चित्रपट, गाणी, आज्ञावल्या पुन्हा उतरवता येतात. याउलट आजीच्या आवाजातील ध्वनिमुद्रण, दुकानाची उधारीची वही, विद्यार्थ्याचा प्रबंध, पिकांच्या नोंदी किंवा पुरात पडलेल्या घराची पंचनाम्यापूर्वीची छायाचित्रे यांचा दुसरा धनी कोणीच नसतो. बॅकअपची सुरुवात अशा गोष्टींपासून केल्यास आरंभी लागणारी जागा आश्चर्य वाटावे इतकी थोडी असते.

पडताळणी

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. त्यांपैकी एकही त्या क्षणी नीट चालू नव्हती. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेल्या एका प्रतीवरून सेवा पुन्हा उभी राहिली आणि मधल्या सहा तासांची माहिती गमवावी लागली. पिक्सार या चित्रपट कंपनीत १९९८मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या निर्माणाधीन चित्रपटाच्या फाइली पुसल्या गेल्या, तेव्हाही बॅकअप सदोष निघाले. घरून काम करण्यासाठी गॅलिन सुसमन यांनी नेलेल्या संगणकात असलेल्या प्रतीमुळे काम वाचले. दोन्ही ठिकाणी निष्णात माणसे होती. बॅकअप चालू आहे ही समजूत आणि बॅकअप चालू असणे यांतील अंतर तपासणीशिवाय कळत नाही. वर्षातून एकदोनदा बॅकअपमधील चार-दोन फाइली दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहणे एवढीच ही तपासणी असते. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात तिला मे अखेरचा काळ सोयीचा असतो.

भिजलेली उपकरणे

पुराच्या पाण्यात गाळ, क्षार आणि सांडपाणी मिसळलेले असते. म्हणून त्याने भिजलेल्या उपकरणाची हानी पाणी ओसरल्यावरही चालू राहते. ओले उपकरण चालू करून पाहणे हे सर्वाधिक घातक असते, कारण विद्युतप्रवाहामुळे जोडण्या गंजतात व मंडल जळते. संगणक असल्यास वीज तोडून, बॅटरी निघत असल्यास काढून हार्ड डिस्क वेगळी केली जाते. बहुतेक हार्ड डिस्कला हवेचा दाब समतोल राखण्यासाठी सूक्ष्म छिद्र असते आणि त्यातून पाणी आत गेलेले असू शकते. अशी डिस्क उघडणे, उन्हात वाळवणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने तापवणे टाळावे लागते, कारण पाणी सुकताना गाळ तबकडीवर चिकटून बसतो. माहिती परत मिळवून देणारे तज्ज्ञ ती ओलसर अवस्थेतच बंद पिशवीतून आणण्यास सांगतात आणि धूळरहित कक्षात उघडतात. या कामाचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या अनेक पट असू शकतो व यशाची हमी नसते. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय सर्वत्र प्रचलित आहे. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान होऊ शकते, असे ॲपलने २०२४मध्ये वापरकर्त्यांना स्पष्टपणे कळवले. मेमरी कार्ड मात्र तुलनेने चिवट असते. स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन पूर्ण वाळल्यावर त्यातील छायाचित्रे अनेकदा सुखरूप मिळतात, आणि मिळाल्याबरोबर ती दुसऱ्या माध्यमावर उतरवून घेतली जातात.